थडगं कुणाचं, वाडा कुणाचा: हॅरॉल्ड राजा आणि बॉझम गावाचं प्रकरण

1954 साली इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या बॉझम गावात होली ट्रिनिटी चर्चच्या फरशीचं काम निघालं. आपल्या देवळात सभामंडप आणि गाभारा यांच्यामध्ये जशी चौकट असते, तशी त्या चर्चमध्ये एक उंच दगडी कमान आहे. तिच्याजवळच जमिनीखाली कामगारांना एक दगडी शवपेटी लागली. आत एका धिप्पाड पुरुषाची हाडं होती. मांडी आणि कमरेची हाडं जागेवर होती, पण डोकं नव्हतं. एक पाय नव्हता आणि दुसऱ्याचाही खालचा भाग गायब होता. तपासणी झाली, छायाचित्रं काढली गेली आणि पेटी पुन्हा बंद झाली.

ती पेटी पुन्हा उघडू द्यावी, असा अर्ज पुढे चिचेस्टरच्या धर्मप्रांताच्या न्यायालयात आला आणि डिसेंबर 2003 मध्ये त्याचा निकाल लागला. आत इंग्लंडचा शेवटचा अँग्लो-सॅक्सन राजा, 1066 मध्ये लढाईत पडलेला हॅरॉल्ड असावा, असं अर्जदारांचं म्हणणं होतं. न्यायालयाने परवानगी नाकारली. प्रकरण एवढंच. पण त्या निमित्ताने एका खेड्याचं एका राजाशी नेमकं काय नातं आहे, हे धाग्याधाग्याने तपासून पाहता येतं. माझ्या मते या सगळ्यात गावाने धरलेला धागा सर्वांत कच्चा होता आणि पक्के धागे तिथेच आजूबाजूला लोंबत होते.

गाव

नावाच्या स्पेलिंगवर जाऊ नये. अक्षरं जोडून वाचली तर बोशॅम, पण तिथली माणसं म्हणतात बॉझम. चिचेस्टरच्या पश्चिमेला पाच-सहा किलोमीटरवर, भरती-ओहोटीच्या दोन खाड्यांमध्ये शिरलेल्या जमिनीच्या जिभेवर हे गाव वसलंय. ओहोटीला सगळा चिखल उघडा पडतो, भरतीला पाणी थेट रस्त्यावर येतं. किनाऱ्यालगतच्या रस्त्यावर गाडी लावून निवांत चहा प्यायला गेलेल्या पाहुण्यांच्या गाड्या पाण्यात जातात, हा गावाचा जुना आणि काहीसा आवडता तमाशा आहे.

समुद्राला परत फिरण्याचा हुकूम करणाऱ्या कॅन्यूट राजाची (अकराव्या शतकात इंग्लंडवर राज्य केलेला हा डेन्मार्कचा, म्हणजे डेन राजा) गोष्ट इथेच घडली, असं गाव सांगतं. बाराव्या शतकात ती गोष्ट लिहून ठेवणाऱ्या हंटिंग्डनच्या हेन्रीने जागेचं नाव दिलेलं नाही आणि साउथॅम्प्टनपासून वेस्टमिन्स्टरपर्यंत दावेदार बरेच आहेत. पण ती गोष्ट इथल्या लोकांना आपलीशी का वाटते, ते गाड्या बुडताना पाहिल्या की कळतं.

गाव जुनं, हे मात्र निर्विवाद. आठव्या शतकात बीड या साधूने इंग्लंडच्या धर्माचा इतिहास लिहिला, त्यात बॉझमचा उल्लेख आहे. जंगल आणि समुद्र यांनी वेढलेला एक लहानसा मठ, डिकुल नावाचा आयरिश साधू आणि त्याच्याबरोबर पाच-सहा जण, असं ते वर्णन आहे. आजूबाजूच्या लोकांना त्यांचा उपदेश ऐकायचा नव्हता, हेही बीड सांगून टाकतो.

जिवंत हॅरॉल्ड

अकराव्या शतकात बॉझम गॉडविनच्या ताब्यात होतं. हा वेसेक्सचा, म्हणजे इंग्लंडच्या दक्षिण मुलखाचा अर्ल, राजाखालोखाल देशातला सर्वांत बलाढ्य माणूस आणि हॅरॉल्डचा बाप. त्याने हे गाव कसं मिळवलं याची एक चावट कथा वॉल्टर मॅप या लेखकाने बाराव्या शतकात नोंदवली. गॉडविन कँटरबरीच्या आर्चबिशपसमोर गेला आणि लॅटिनमध्ये चुंबन मागितल्यासारखं काहीतरी पुटपुटला. आर्चबिशपने रीतीप्रमाणे शांतीचं चुंबन दिलं. गॉडविनने लगेच पाय धरून बॉझम दिल्याबद्दल आभार मानले, कारण लॅटिनमधला चुंबनाचा शब्द आणि गावाचं नाव कानाला जवळजवळ सारखंच लागतं. ही गोष्ट कुणी इतिहास म्हणून घेऊ नये. पण गॉडविनने बॉझम सरळ मार्गाने मिळवलं नाही, एवढा बोभाटा शंभर-सव्वाशे वर्षांनंतरही टिकून होता हे तिच्यातून दिसतं.

खऱ्या नोंदी अँग्लो-सॅक्सन बखरीत आहेत आणि त्या जास्त काळ्या आहेत. हॅरॉल्डचा थोरला भाऊ स्वेन हा घराण्यातला उनाड दिवटा. एका मठाधिकारिणीला पळवून नेल्यानंतर तो देशोधडीला लागला आणि 1049 मध्ये माफी मागायला परत आला. राजाकडे रदबदली कर म्हणून त्याने आपला मामेभाऊ बेयॉर्न याला गळ घातली. बेयॉर्न भाबडेपणाने निघाला. स्वेनने त्याला बॉझमला आणलं, कारण त्याची जहाजं तिथे उभी होती. तिथे त्याला बांधून जहाजावर टाकलं आणि पुढे डार्टमथला नेऊन मारलं. दोन वर्षांनी, 1051 मध्ये, राजाशी बिनसल्यावर गॉडविन स्वतः याच बंदरातून फ्लँडर्सला पळाला. या घराण्याला देशाबाहेर पडायचं असो वा कुणाला गुपचूप न्यायचं असो, दरवाजा एकच होता.

1053 मध्ये गॉडविन मेला आणि वेसेक्स हॅरॉल्डकडे आलं. मग येतो या गावाचा सर्वांत मोठा पुरावा आणि तो कापडावर आहे.

बायू टेपेस्ट्री म्हणून जगभर ओळखला जाणारा हा पट सुमारे 70 मीटर लांब आणि अर्धा मीटर उंच आहे. टेपेस्ट्री म्हणतात खरं, पण ते विणकाम नाही. लिननच्या कापडावर लोकरीच्या रंगीत धाग्यांनी केलेलं ते भरतकाम आहे. त्यात उत्तर फ्रान्समधल्या नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड कसं जिंकलं, ती कथा आहे. सुरुवातीलाच हॅरॉल्ड हातावर ससाणा घेऊन, पुढे शिकारी कुत्री सोडून घोड्यावरून निघालेला दिसतो आणि वर लॅटिनमध्ये लिहिलंय की इंग्रजांचा ड्यूक हॅरॉल्ड आपल्या शिपायांसह बॉझमला जातो. पुढे चर्च येतं. दोन माणसं गुडघे वाकवून आत शिरताहेत. चर्चच्या चित्रात मध्यभागी मोठी कमान आहे.

त्यापुढचं चित्र मला अधिक आवडतं. कमानींवर उभारलेल्या माडीवर मंडळी जेवायला बसलीयत आणि शिंगातून पेयपान चाललंय. तेवढ्यात वल्हं घेतलेला एक माणूस जिन्यापाशी येऊन खूण करतो की चला, जहाज तयार आहे. मग पुढच्या चौकटीत सगळे अंगरखे वर खोचून, उघड्या पायांनी पाण्यात उतरतात. कुत्री भिजू नयेत म्हणून दोघांनी ती काखेत घेतलीयत. बॉझमच्या खाडीचं उथळ पाणी ज्याने पाहिलंय, त्याला हे चित्र समजावून सांगावं लागत नाही. नऊशे-साडेनऊशे वर्षांपूर्वी सुई चालवणाऱ्या बायकांना ती खाडी माहीत होती का, कुणास ठाऊक. पण चित्र सांगणाऱ्याला ठाऊक असावी.

हा प्रवास बहुधा 1064 सालचा. हॅरॉल्ड फ्रान्सच्या किनाऱ्यावर भलत्याच ठिकाणी लागला, पाँत्यूच्या काउंट गीने त्याला धरलं, तिथून तो विल्यमच्या हाती आला आणि विल्यमला इंग्लंडची गादी मिळवून देण्याची शपथ त्याला घ्यावी लागली, असं नॉर्मन बाजू सांगते. 6 जानेवारी 1066 रोजी हॅरॉल्डने स्वतःच मुकुट घातला. 25 सप्टेंबरला त्याने उत्तरेत स्टॅमफर्ड ब्रिजला नॉर्वेच्या राजाला मारलं आणि 14 ऑक्टोबरला दक्षिणेत हेस्टिंग्जला तो स्वतः मारला गेला. त्यानंतर डूम्सडे बुकात, म्हणजे 1086 च्या जमीन-मोजणीत, बॉझम विल्यम राजाच्या खासगीत दिसतं आणि पूर्वी ते गॉडविनचं होतं अशी नोंद आहे. विल्यमने गावं आपल्या सरदारांना खिरापतीसारखी वाटली, पण हे स्वतःकडे ठेवलं.

मेलेला हॅरॉल्ड

आता पेटीकडे. हॅरॉल्डला कुठे पुरलं यावर त्या काळापासून एकमत नाही आणि बॉझमचा दावा त्याच फटीतून आत आलाय.

विल्यमचा धर्मगुरू, पॉइटियर्सचा विल्यम, लिहितो की हॅरॉल्डची आई गिथा हिने मुलाच्या देहाच्या वजनाएवढं सोनं देऊ केलं. विल्यमने नकार दिला आणि देह समुद्रकिनारी पुरायला सांगितला. जिवंतपणी वेड्यासारखा किनारा राखत होता ना, आता तिथेच राखत बसू दे, अशी त्यावर थट्टाही झाली. हेस्टिंग्जच्या लढाईवर एक लॅटिन काव्य आहे, कार्मेन. त्यातही समुद्राकाठचीच जागा आहे. त्या काव्यात हॅरॉल्डचा शेवट फार भयंकर रंगवलाय. चौघे त्याच्यावर तुटून पडतात. एकाने छातीत भाला घातला, दुसऱ्याने डोकं उडवलं, तिसऱ्याने पोट फाडलं, चौथ्याने मांडी तोडून लांब नेली.

दुसरी परंपरा एसेक्समधल्या वॉल्थमची. तिथलं चर्च हॅरॉल्डने स्वतः मोठं केलं होतं आणि 1060 मध्ये त्याचं अर्पण झालं होतं. तिथल्या साधूंच्या वृत्तांतानुसार रणांगणावरचा छिन्नविच्छिन्न देह कुणालाच ओळखता येईना, तेव्हा हॅरॉल्डची बायको एडिथ, जिला हंसग्रीवा म्हणत, तिने फक्त तिलाच माहीत असलेल्या खुणांवरून तो ओळखला आणि मग तो वॉल्थमला नेला. बाराव्या शतकातला इतिहासकार, माम्झबरीचा विल्यमही दफन वॉल्थमलाच झाल्याचं सांगतो. बहुतेक इतिहासकार आज याच बाजूचे आहेत. हॅरॉल्ड मेलाच नाही, संन्यासी होऊन म्हातारपणी चेस्टरला वारला, अशीही एक कथा आहे. हरलेल्या लोकप्रिय राजांना अशी एक कथा मिळतेच.

बॉझमवाल्यांची मांडणी अशी. कार्मेन म्हणतं डोकं आणि मांडी तोडली, पेटीतल्या माणसालाही डोकं नाही आणि पाय नाही. देह समुद्राकाठी पुरला म्हणतात, हे चर्च खाडीपासून हाकेच्या अंतरावर आहे. घराण्याचं गाव, घराण्याचं चर्च आणि जागा तर मानाची, थेट कमानीपाशी. विल्यमला हे थडगं तीर्थक्षेत्र व्हायला नको होतं, तर स्वतःच्या खासगीतल्या गावात, आपल्या माणसांच्या नजरेखाली ठेवण्यासारखी सोय दुसरीकडे कुठे होती?

वाचताना मान डोलावी असं हे आहे. एकेक दुवा हाताने ओढून पाहिला की मात्र तो सुटतो. कार्मेनमध्ये दफन उंच कड्यावर, दगडांच्या राशीखाली होतं. बॉझमला कडा नाही, चिखल आहे. नॉर्मन तळ हेस्टिंग्जला होता, तिथून बॉझम सरळ रेषेतही सुमारे शंभर किलोमीटर पश्चिमेला, आणि लढाईनंतर विल्यम पूर्वेला डोव्हरकडे वळला. म्हणजे देह आधी एकीकडे पुरून नंतर गुपचूप हलवला असं धरावं लागतं. त्या हलवण्याचा उल्लेख कुठल्याच बखरीत नाही. मग वयाचा प्रश्न. हॅरॉल्डचा जन्म साधारण 1022 चा, म्हणजे मरताना तो चव्वेचाळीसच्या आसपास. पेटीतल्या माणसाचं वय साठीपर्यंत जात असल्याचा अंदाज आहे. डोकं आणि पाय नसणं हेही शवपेटीत इतकं दुर्मीळ नाही. जुन्या चर्चच्या फरशीखाली शतकानुशतकं उकराउकर होते, पेट्या फुटतात, हाडं सरकतात.

त्याच चर्चमध्ये 1865 मध्ये एका लहान मुलाची दगडी पेटीही सापडली होती. कॅन्यूटची आठ वर्षांची मुलगी ओढ्यात बुडून मेली आणि इथे पुरली, असं गाव पिढ्यान्पिढ्या सांगत होतं. त्यामुळे पेटी तिचीच ठरली. 1906 मध्ये गावातल्या मुलांनी त्या जागी एक स्मृतिफलक बसवला, त्यावर डेन लोकांचं चिन्ह म्हणून कावळ्याचं चित्र आहे. पुरावा म्हणाल तर मौखिक. पण एकदा ही सवय लागली की 1954 च्या पेटीत साध्यासुध्या माणसाला जागा उरत नाही.

निकाल

इंग्लंडच्या चर्चमध्ये फरशीखालचं हाडूक हलवायचं तरी धर्मप्रांताच्या न्यायालयाची परवानगी लागते. तिला फॅकल्टी म्हणतात. न्यायाधीशाला चॅन्सेलर म्हणतात, आणि पद चर्चचं असलं तरी माणूस कायद्याचा असतो. चिचेस्टरचे चॅन्सेलर तेव्हा मार्क हिल होते. पेटी उघडायची, नमुना घ्यायचा, डीएनए चाचणी करायची आणि हॅरॉल्डचे वंशज म्हणवणाऱ्यांच्या नमुन्यांशी ती जुळवून पाहायची, असा बेत त्यांच्यापुढे होता.

इथे मूळ तत्त्व असं की ख्रिस्ती दफन कायमचं असतं. आदल्याच वर्षी, 2002 मध्ये, वरच्या धार्मिक न्यायालयाने ब्लॅग्डन दफनभूमीच्या प्रकरणात ते पुन्हा घट्ट केलं होतं: अपवाद करायचा तर खास कारण हवं आणि ते दाखवायची जबाबदारी मागणाऱ्याची. हिल यांनी संशोधनाला दार बंद केलं नाही, ही गोष्ट निकालाच्या बातम्यांत झाकली गेली. राष्ट्रीय किंवा ऐतिहासिक महत्त्वाच्या प्रश्नासाठी थडगं उघडता येऊ शकतं, असं त्यांनी मान्य केलं. मात्र त्या संशोधनाची बाजू पटण्याजोगी आणि भक्कम हवी. इथे ती नव्हती. विद्वानांचं बहुमत वॉल्थमकडे, आणि चाचणीतून ओळख पटण्याची शक्यता फारच थोडी. तेवढ्यासाठी कुणाची शांती मोडायची नाही.

डीएनएची अडचण जरा सोडवून सांगायला हवी, कारण इथेच बहुतेकांची समजूत चुकते. हॅरॉल्डचे वंशज जगात भरपूर आहेत. त्याची मुलगी गिथा कीव्हच्या व्लादिमीर मोनोमाखला दिली होती आणि त्या लेकीकडून त्याचं रक्त युरोपच्या अनेक राजघराण्यांत, अगदी इंग्लंडच्या राणी दुसऱ्या एलिझाबेथपर्यंत आलं. पण इतक्या पिढ्यांनंतर खात्रीने जुळवता येतात अशा दोनच वाटा आहेत. एक निव्वळ बापाकडून मुलाकडे जाणारी, दुसरी निव्वळ आईकडून मुलीकडे. कीव्हची वाट पहिल्याच पायरीवर बापाकडून मुलीकडे जाते, म्हणून ती दोन्हींत बसत नाही. मुलगे 1066 नंतर काही वर्षांत इतिहासातून नाहीसे झाले. आईची वाट बहिणींकडून चालली असती, पण एक बहीण हॅरॉल्डच्या आधीच्या एडवर्ड राजाची निपुत्रिक राणी आणि दुसरी जोगीण.

नऊ वर्षांनी, 2012 मध्ये, लेस्टरच्या मोटारतळाखाली तिसरा रिचर्ड राजा सापडला, तेव्हा बॉझमचा निकाल घाईचा होता का, अशी कुजबुज झाली. ती तुलना टिकत नाही. रिचर्ड 1485 चा, त्याची बहीण अ‍ॅन हिच्या लेकी-नातींची साखळी कागदोपत्री अखंड होती. शिवाय त्याला कुठल्या मठात पुरलं हे आधीच ठाऊक होतं. हॅरॉल्डच्या बाबतीत ना साखळी, ना जागा. मला निकाल बरोबर वाटतो. पेटी उघडली असती तर बहुधा अकराव्या शतकाच्या आगेमागे मेलेला एक मोठ्या घरचा पुरुष, एवढंच हाती आलं असतं आणि दोन्ही बाजू आपापल्या जागी राहिल्या असत्या.

संडासाचा पुरावा

गंमत पुढे आहे. चर्चच्या फरशीखालच्या वादाचा निकाल लागून तीन वर्षं झाल्यावर, 2006 मध्ये, गावात दुसऱ्याच जागी उत्खनन झालं. त्यात लाकडी इमारतीच्या आत असलेला एक शौचकूप सापडला. तेव्हा त्याची फारशी चर्चा झाली नाही. नंतर न्यूकॅसल आणि एक्सेटर विद्यापीठांच्या संशोधकांनी तो अहवाल पुन्हा काढला, जागेची भूभौतिक पाहणी केली, जुने नकाशे आणि उभ्या भिंती तपासल्या. जानेवारी 2025 मध्ये त्यांनी जाहीर केलं की पटावर दाखवलेला हॅरॉल्डचा वाडा बहुधा इथेच होता.

एका संडासावरून वाडा कसा ठरला? तर इंग्लंडमध्ये दहाव्या शतकापासून घरातच संडास बांधायची पद्धत दिसते, पण ती फक्त बड्या घरांत. बाकीच्यांना बाहेर जाणं होतंच. तेव्हा अकराव्या शतकाच्या बॉझममध्ये भल्यामोठ्या लाकडी घराच्या पोटात शौचकूप असेल, तर ते घर कुणा ऐऱ्यागैऱ्याचं नाही. शेजारी चर्च, दोन्ही एका आवारासारखी, आणि समोर खाडी. पट पुन्हा पाहा: चर्च, माडीवरचं जेवण, जिना, पाणी. क्रमसुद्धा तोच आहे.

हाही शंभर टक्के पुरावा नाही. दारावर हॅरॉल्डचं नाव कोरलेलं नाही. पण इथे लिखित नोंद, चित्र आणि जमिनीतली खूण या तिन्ही एकमेकींना धरून उभ्या आहेत. पेटीच्या बाबतीत एक काव्य होतं आणि एक गहाळ पाय होता.

बायूचा पट सप्टेंबर 2026 पासून लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये मांडायचं ठरलंय, म्हणजे बॉझमची पहिली चौकट पाहायला माणसं रांगा लावतील आणि त्यातली काही पुढे बॉझमलाही येतील. तिथे पोचल्यावर त्यांना वाडा पाहता येणार नाही. त्या जागेवर आज कुणाचं तरी राहतं घर आहे आणि आवारात एका पडक्या भिंतीखेरीज डोळ्यांना दिसण्यासारखं फारसं काही नाही. चर्चचं दार मात्र उघडं असतं. लोक आत येतात, कावळ्याचा फलक पाहतात, कमानीखाली उभे राहून खाली फरशीकडे बघतात आणि भरती यायच्या आत गाडी काढायला बाहेर पडतात.